गिरणीतली कला आणि साचेखात्याचा दरवाजा

गिरणगावात कला आली, असं आपल्याला गेली वीस वर्षं सांगितलं जातंय. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ साली 'ब्लू फ्रॉग' हा संगीताचा अड्डा निघाला, २०१६ साली बंद पडला. महालक्ष्मीला लक्ष्मी मिलच्या आवारातल्या एका जुन्या गोदामात २०१५ साली 'जी फाइव्ह ए' या संस्थेनं नाटका-सिनेमासाठी जागा उभी केली. भायखळ्याच्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलमध्ये चित्रांचं दालन झालं. त्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे. कमला मिल, तोडी मिल, रघुवंशी मिल इथं जाहिरातवाले, स्टुडिओवाले, शोभेच्या फर्निचरवाले आणि हॉटेलवाले शिरले. काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर दोन-तीनच्या जागेवर मुंबई महापालिकेनं वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायला घेतलं. या सगळ्याला कौतुकानं गिरणगावाचा पुनर्जन्म म्हणतात.

मित्रांनो, आपण बुद्धाची माणसं. आत्म्याचा पुनर्जन्म आपण मानत नाही, तर जमिनीचा कशाला मानायचा? मेलं कोण, जन्मलं कोण, आणि मधल्या काळात मालकी कुणाच्या नावावर राहिली, एवढं तरी विचारू.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, मॉल झाला काय नि गॅलरी झाली काय, आपल्याला त्याचं काय? फरक आहे. मॉल फक्त जागा घेतो. गिरणीची आठवण सांगायची त्याला गरज पडत नाही. कलेचं आवार मात्र जागा घेतं, आणि वर तिथली आठवणही आपल्याच पदरात बांधून घेतं. 'या भिंतींना इतिहास आहे' असं म्हणूनच तिथलं भाडं वाढतं. म्हणून कवितेची समीक्षा करतात तशी या आवारांची समीक्षा झाली पाहिजे. यांनी काय ठेवलं? काय खोडलं? कुणाच्या तोंडून बोललं?

मी कुणी कलासमीक्षक नाही. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर काम करतो. शाळा दहावीला सुटली, पुढचं वाचन रात्रपाळी संपल्यावर जमेल तसं झालं. माझा आजा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होता. आज्याचा बापही त्याच खात्यात. १९८२ च्या संपात आजा गावी आला तो परत गेला नाही. म्हणजे तीन पिढ्या आम्ही धागा काढतोय. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

१. काय ठेवलं?

ठेवली ती चिमणी. ठेवल्या विटांच्या भिंती, लोखंडी खांब, गंजलेल्या पुल्या. आणि काही ठिकाणी ठेवलं छप्पर.

गिरणीचं छप्पर करवतीच्या दातांसारखं असतं. दाताची उभी बाजू काचेची, आणि तिचं तोंड उत्तरेला. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, ऊन थेट आत पडत नाही. तुटलेला धागा तर दिसावा, पण उन्हानं सूत कोरडं पडू नये, यासाठी ही योजना. सुताला ओल लागते. हवा कोरडी झाली की धागा ताडताड तुटतो. म्हणून खात्यात हवा दमट ठेवतात. त्या दमट हवेत माणूस आठ तास उभा राहून निथळतो, ते सुताच्या सोयीसाठी. हवेत उडणारा कापूस छातीत जातो. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कामावर आलं की छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आमच्याकडं नुसतं 'कापूस लागला' म्हणतात.

आता गंमत बघा. चित्रकारालाही उत्तरेचाच उजेड लागतो. त्यात रंग बदलत नाहीत, डोळ्यावर तिरीप येत नाही. म्हणजे सुतासाठी बांधलेलं छप्पर चित्राला आयतंच लागू पडलं. मला याचा राग नाही. चांगला उजेड कुणाच्याही कामाला यावा. पण त्या उजेडाचं कौतुक करताना त्याच्याखाली दमट हवेत उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल एक ओळ तरी भिंतीवर हवी की नको? यंत्र काढलं, वाफ काढली, खोकला काढला, आणि उजेड तेवढा ठेवला. या निवडीवर माझा पहिला आक्षेप आहे.

२. चुकीचं नाव

मागं एका सहा डिसेंबरला मी चैत्यभूमीवर आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी नव्हती, म्हणून लोअर परळच्या एका आवारात गेलो. नाव लिहीत नाही, कारण हे एकाच ठिकाणचं आहे असं मला वाटत नाही. गेटवर वॉचमननं विचारलं, "डिलिव्हरी कुणाची?" म्हटलं, "डिलिव्हरी नाही दादा, चित्रं बघायला आलोय." त्यानं मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "मग तिकडच्या दारानं जा, फुकट असतं." माणूस जालन्याकडचा निघाला. त्याला विचारलं, तुम्ही बघितली का चित्रं? म्हणाला, "आपली ड्युटी गेटवर. उन्हाळ्यात जरा जातो आत, ए.सी. असतो."

आत बंद गिरण्यांचे फोटो लावले होते. मोठमोठे, सुंदर. पडकं छप्पर, खिडकीतून आलेलं पिंपळाचं झाड, धूळ, कोळिष्टकं. एकाही फोटोत माणूस नव्हता. एका फोटोत एक लांबलचक यंत्र होतं आणि खाली इंग्रजीत 'लूम' लिहिलं होतं. लूम म्हणजे साचा, ज्याच्यावर कापड विणतात. फोटोत होती रिंगफ्रेम, जिच्यावर सूत कातलं जातं. मी रोज जिच्यापुढं उभा राहतो तीच.

कुणी म्हणेल, लहानशी चूक आहे. कलावंताला दोन्ही यंत्रं सारखीच दिसली असतील. पण आमच्या घराण्याला ती कधी सारखी नव्हती. एका यंत्रावर आम्हाला उभं केलं, दुसऱ्यावर येऊ दिलं नाही. गिरणीतली जात या दोन यंत्रांच्या मधोमध उभी होती. ज्याला कातणं आणि विणणं वेगळं ओळखता येत नाही, त्याला गिरणगाव कळलं असं मी कसं मानू?

३. साचेखात्याचा दरवाजा

तरुण मित्रांपैकी अनेकांना हे तपशिलानं ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. साचेखातं म्हणजे विणाईचं खातं. गिरणीत कामगाराला चांगले पैसे मिळायचे ते तिथं. साच्यावर धोटा इकडून तिकडं पळतो. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायला धोट्याला तोंड लावून धागा ओढून घ्यायचे. म्हणजे धोट्याला थुंकी लागते. एकाची थुंकी लागलेल्या धोट्याला पुढच्या पाळीत दुसरा तोंड लावतो. मग सवर्ण कामगार म्हणाले, महाराच्या तोंडचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही. संपलं. आपल्या माणसांना साचेखातं बंद. त्यांनी रिंग खात्यात जायचं, कमी पगारात.

मालकाला जात पाळून काही नफा होत होता की नाही तो हिशोब वेगळा. इथं बंदी घालणारा कामगारच होता, तोच लाल बावट्याखाली उभा राहणारा. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सहा महिन्यांचा मोठा संप झाला. तेव्हा बाबासाहेबांनी युनियनपुढं सवाल टाकला. तुमच्या मागण्यांत अस्पृश्यांना साचेखातं उघडण्याची मागणी घाला, नाहीतर आमच्या माणसांनी या संपात का राहावं? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण मनापासून नव्हे. मालकांपुढं ती गेली तेव्हा मालकांनी ऐकवलं की हा अन्याय असेल तर तो आमच्याकडून झालेला नाही. चोरानं पोलिसाला कायदा शिकवावा तसं हे उत्तर; पण त्यात तथ्य होतं, हीच तर शरमेची गोष्ट. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, आणि साचेखात्याचा दाखला तिथंही दिला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून एक दिवसाचा संप केला. म्हणजे वर्गाची लढाई बाबासाहेबांनी सोडली नव्हती. दरवाजा उघडा, मग बरोबर चालू, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आज्याचा बाप सांगायचा, गिरणीत पाण्याचे माठसुद्धा वेगळे. भोंगा मात्र सगळ्यांना एकच.

आता संग्रहालय करणाऱ्यांना, गॅलरी काढणाऱ्यांना, 'वारसा' या शब्दावर प्रेम करणाऱ्यांना माझा सवाल हा आहे: तुमच्या वारशात हा दरवाजा आहे का? काचेच्या पेटीत धोटा ठेवाल. त्याच्याखाली लाकूड कोणतं, वर्ष कोणतं, एवढंच लिहिणार, की हा धोटा कुणाच्या ओठाला चालत नव्हता हेही लिहिणार? न लिहिता ठेवलेला धोटा म्हणजे बंदी अजून चालू आहे. तेव्हा माणसाला आत येऊ दिलं नाही, आता त्याच्या आठवणीला.

४. गिरणगाव लिहिणारे, रंगवणारे

सगळ्यांना एका काठीनं हाकायचं नाही. गिरणगावावर प्रामाणिकपणे काम करणारी माणसं झाली. जयंत पवारांचं 'अधांतर' संपानंतर मोडलेल्या घराची तडफड रंगमंचावर घेऊन आलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या लोकांच्या तोंडचा इतिहास गोळा केला. सुधीर पटवर्धनांनी कामगाराला चित्रात अंगासकट उभा केला. तिथं माणूस शोभेला नाही, वजनानं उभा आहे. या कामाला माझा सलाम आहे. मी ते वाचलं, बघितलं, त्यातून शिकलो.

पण माझी तक्रार एकूण सुराबद्दल आहे. गिरणगाव म्हटलं की लोक गहिवरतात. चाळ, भजनी मंडळ, व्यायामशाळा, खानावळ, गणपती, दहीहंडी, 'सगळे कसे एका कुटुंबासारखे'. सगळे? वरळीच्या बी.डी.डी. चाळीत १९७४ च्या जानेवारीत काय झालं ते कुटुंब विसरलं का? १० जानेवारीला पँथरचा भागवत जाधव मारला गेला. तो दगड कुठल्या परक्या मुलखातून आला नव्हता. ती कामगारांचीच वस्ती होती. गिरणी एकच, भोंगा एकच, पण चाळीचा मजला आणि नळ वेगळा. गिरणगावाच्या गोड आठवणीत हे बसत नाही, म्हणून ते वगळतात. गहिवर आला की जात दिसत नाही.

आणि आणखी एक. गिरणगावात कला 'आली' म्हणणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे की कला तिथं आधीपासून होती. फक्त तिला भाडं परवडत नव्हतं. अण्णाभाऊ साठे गिरणीत राबले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहून लिहिते झाले. अमर शेख, गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनीच केलं. नारायण सुर्व्यांना गिरणी कामगारानं रस्त्यावरून उचलून वाढवलं आणि ते स्वतः गिरणीत राबले. आंबेडकरी जलसे चाळीच्या पटांगणात, कंदिलाच्या उजेडात रात्र रात्र चालले. ना तिकीट, ना दालन, ना वाइनचा पेला. पाळी सुटलेला माणूस डबा बाजूला ठेवून बसायचा आणि घरी जाताना काहीतरी ठरवून जायचा. आता कुणी म्हणेल, ती प्रचाराची कला, ही शुद्ध कला. ठीक आहे. मग शुद्ध कलेनं आपल्या शुद्धतेचं भाडं कुणाच्या जमिनीतून निघतं तेवढं सांगावं.

५. जमिनीचा हिशोब

हा हिशोब थोडक्यात, पण पाठ करून ठेवा. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप जिंकला नाही, आणि मागं घेतल्याचं रीतसर कुणी जाहीरही केलं नाही. गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर. १९९१ च्या नियमावलीच्या ५८ व्या कलमानं ठरलं की जमीन विकासाला काढली तर तिचे तीन वाटे करायचे: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला. तीन वाटे सगळ्या जमिनीचे नव्हेत, फक्त ज्यावर बांधकाम नाही तेवढ्या मोकळ्या जमिनीचे. गिरणी म्हणजे शेडच शेड; मोकळं असतं किती? शहराच्या आणि कामगाराच्या वाट्याला चिंधी उरली. हायकोर्टानं २००५ साली हा बदल अडवला, सुप्रीम कोर्टानं ७ मार्च २००६ ला तो पुन्हा मोकळा केला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. घरासाठी सुमारे पावणेदोन लाख अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत ६,९२५ घरं निघाली. २०२४ साली सरकारनं बदलापूरच्या पुढं शेलू-वांगणीला घरं दाखवली, तेव्हा २०२५ च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानात बसले. त्यांच्या गिरणीच्या जागेत कला राहणार, आणि त्यांनी मात्र कर्जतच्या वाटेला जायचं.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगरून २३ माणसं मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरला, कमला मिलमधल्या गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागून १४ मेली. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी ऑफिसं आणि करमणूक आली, लोकांचे लोंढे वाढले. पूल तोच अरुंद राहिला. नकाशात कलेला जागा सापडली, माणसाच्या पायाला सापडली नाही.

६. आपली गिरणी

आतापर्यंत दुसऱ्यांना धारेवर धरलं. आता आपल्याकडं वळू. कारण एक बंद गिरणी आपल्याही वाट्याला आली आहे.

चैत्यभूमीला लागून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची इंदू मिल. ६ डिसेंबर २०११ ला आपले कार्यकर्ते तिच्यात घुसले. मालकानं जमीन विकून टाकावी आणि तिथं टॉवर व्हावा, हे सबंध मुंबईत चाललेलं असताना साडेबारा एकर जमीन आंदोलनानं सोडवून घेतली. हे लहान काम नव्हे. ११ ऑक्टोबर २०१५ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. साडेतीनशे फुटांचा पुतळा, त्याखाली शंभर फुटांचा चौथरा ठरला. सभागृह, ग्रंथालय, संशोधन केंद्र आराखड्यात आलं. आणि मग तारखा पुढं पुढं जात राहिल्या.

सहा डिसेंबरच्या रांगेत मी चर्चा ऐकतो. पुतळा किती फूट, कुणापेक्षा उंच, कधी होणार. एकानंही मला सांगितलं नाही की ही गिरणी होती आणि तिच्यात माणसं राबत होती. जी फुटपट्टी आपण गॅलरीवाल्यांना लावतो ती इथं लावायची की नाही? त्यांनी चिमणी ठेवून कामगार पुसला. आपण पुतळा उभारून गिरणी पुसणार का? ज्या बाबासाहेबांनी साचेखात्याचा दरवाजा ठोठावला, ज्यांनी पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारी वर्षानुवर्षं संसार केला, त्यांचं स्मारक गिरणीच्या जमिनीवर होतंय हा योगायोग नाही, असं मी म्हणतो. त्याला अर्थ द्यायचा की नाही हे आपल्या हातात आहे.

म्हणून मागण्या करायच्या त्या अशा.

इंदू मिलच्या स्मारकात एक दालन गिरणी कामगारांचं पाहिजे. त्यात एक चालू रिंगफ्रेम आणि एक चालू साचा शेजारी शेजारी ठेवावा, आणि मधे साचेखात्याचा इतिहास मराठीत लिहावा, मोठ्या अक्षरात, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येईल असा.

ग्रंथालय रात्री उघडं पाहिजे. दुसरी पाळी सुटल्यावर येणाऱ्या माणसाला बंद दार दाखवणारं ग्रंथालय आपल्या काय कामाचं?

काळाचौकीच्या संग्रहालयाच्या कारभारात रिंग खात्यात राबलेल्या आपल्या कामगारांना जागा पाहिजे; बायकांनाही, कारण वाइंडिंग-रीलिंगमध्ये त्या होत्या. सल्लागार म्हणून चहापुरतं बोलावणं चालणार नाही. कुठल्या वस्तूखाली काय लिहायचं हे त्यांनी ठरवायचं.

गिरण्यांच्या जागेत जी कलेची आवारं भाड्यावर चालतात, त्यांनी आपल्या दारावर त्या गिरणीच्या कामगारांचा आकडा लिहावा. किती होते, कधी बाहेर पडले, किती जणांना घर मिळालं. हे लिहायला कोर्टाचा हुकूम लागत नाही.

आणि एक काम आपण मागणी न करता करायचं. ज्याच्या घरात गिरणीत राबलेला म्हातारा किंवा म्हातारी जिवंत आहे, त्यानं या महिन्यात त्यांच्यापुढं वही घेऊन बसावं. कोणती गिरणी, कोणतं खातं, पगार किती. पाणी कुठं प्यायचे. साचेखात्यात आपला पहिला माणूस कधी गेला आणि त्या दिवशी काय झालं. जॉबर कोण आणि त्यानं बदली द्यायला काय घेतलं. त्यांच्या भाषेत लिहा, सुधारू नका. माझा आजा गेला तेव्हा माझ्याकडं त्याच्या बोलण्याची चार पानं होती, चाळीस असायला पाहिजे होती. लिहिलेलं या अंकाच्या पत्त्यावर पाठवा, आपण क्रमानं छापू. संग्रहालयवाले विचारायला येतील न येतील, कागद आपल्याकडं तयार असला पाहिजे.

जयभीम.